सौ-सतरा

शटर वर गेलं आणि वास आला नाही. विद्याश्री तशीच उभी राहिली, एका हातात कुलूप, खांद्याला डब्याची पिशवी. गेली कितीतरी वर्षं रोज सकाळी या शटरखालच्या फटीतून आधी तो वास बाहेर यायचा आणि मगच उजेड आत जायचा. कपाटामागं उंदीर मरून पडल्यावर येतो तसला, थोडा गोडसर, थोडा मासळीचा, घशाच्या मागच्या बाजूला जाऊन ठाण मांडणारा. शिरोली एमआयडीसीतली आजूबाजूच्या फाउंड्र्यांतली माणसं या शेडवरून जाताना नाकाला रुमाल लावायची आणि मालकाला, विजयसिंहांना, हमखास विचारायची, ‘काय ओ सरकार, आत मढं पुरलंय काय?’ पहिलं वर्षभर तिलाही मळमळायचं. मग सवय झाली, आणि पुढं तर रविवारी घरी बसल्यावर काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. आणि आज आत नुसती मळी होती. साखर कारखान्यातून ड्रम भरून येणारी काळी मळी, तिचा जळक्या गुळासारखा वास, ओल्या सिमेंटचा वास आणि काल पुसलेल्या फिनेलचा. पाहुणे यायच्या आधी आवरून ठेवलेल्या घरासारखी शेड स्वच्छ वाटत होती.

पहिली शंका तिनं स्वतःच्या नाकावर घेतली. दोन हजार एकवीसच्या साथीत ते एकदा गेलेलं होतं आणि परत यायला सहा महिने लागले होते. त्या सहा महिन्यांत कॉफी म्हणजे गरम कडू पाणी, आणि उदबत्ती म्हणजे नुसता धूर. ती पायरीवर बसली, डबा उघडला, चटणीची डबी नाकाशी नेली. लसूण आला. भाजलेले शेंगदाणे आले, तिखट आलं, डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. नाक शाबूत होतं. म्हणजे नाकाचा दोष नाही, या विचारानं माणसाला बरं वाटायला हवं, पण आपण आजारीच असतो तर किती बरं झालं असतं, असं तिला वाटलं. तेवढ्यात तानाबाई आल्या. काचेची भांडी धुणं, जंतू मारायचा मोठा कुकर लावणं, शेड झाडणं, सगळं त्याच करायच्या. पदर कमरेला खोचत त्यांनी एक लांब श्वास घेतला आणि हसल्या.

“आज लई ग्वाड वाटतंय बघा, ताई. घाण न्हाय न्हवं अजिबात. मी म्हणतो, एवढी वर्सं हे आदी का न्हाय जमलं तुमास्नी?”

“आत्ता जमलं,” विद्याश्री म्हणाली, आणि आपण हे का म्हणालो ते तिला कळलं नाही.

काम सांगायला सोपं होतं. शेडमध्ये जिवाणू पाळले होते. त्यांना मळी खायला घालायची, हवा द्यायची, सदतीस अंशांवर उबेला ठेवायचं, आणि त्यांनी पोटात कॅडाव्हरिन नावाचं एक रसायन तयार करून बाहेर टाकायचं. ते गाळून काढलं, एरंडेलापासून केलेल्या दुसऱ्या एका रसायनाशी जोडलं, की नायलॉनसारखा धागा होतो. एरवी हा धागा जमिनीखालच्या तेलातून येतो, इथं तो उसातून येणार. कॅडाव्हर म्हणजे मढं. हे रसायन पहिल्यांदा कुजणाऱ्या मढ्यात सापडलं, म्हणून त्याचं नाव असं, आणि म्हणून तो वास. मोठी टाकी उपसून त्यात क्षार घातला की वास असा उसळायचा, की शेजारच्या कारखान्यातलं मोल्डिंग थांबायचं. हे सगळं उभं करणारा सौमित्र मात्र भर टाकीवर वाकून हसायचा. “इचलकरंजीच्या मागावर मढ्याची साडी विणली जाणार, विद्ये. पहिली तुला.” ती म्हणायची, “मला नको बाबा, तुझ्या होणाऱ्या बायकोला दे.” तो म्हणायचा, “धागा झाला की वास राहत नाही गं.” मग दोघंही उगीचच कामाला लागायची. तिचा त्याच्यावर जीव होता. त्याचा तिच्यावर होता की नाही हे विचारायचं राहून गेलं. ती गडहिंग्लजकडच्या लिंगायताची पोर, घरी निम्मं कानडी बोलणारी, आणि तो शाहूपुरीतला मास्तरांचा मुलगा. पण अडचण ती नव्हती. अडचण एवढीच, की दोघांनाही वाटत होतं, आपल्याकडं वेळ आहे.

रानातल्या साध्या जिवाणूला हे काम येत नाही. ते त्याला शिकवावं लागतं, त्याच्या आत जनुकाचा एक जास्तीचा लेख घालावा लागतो. सौमित्रनं तो घातला आणि मग चौदा महिने, एकेका पिढीतून त्यातल्या त्यात जास्त देणारे वेचून वेचून, पहिला, दुसरा, असं करत सतराव्यापाशी आला. त्याला त्यानं नाव दिलं सौ-सतरा. बोटाएवढ्या कुप्या भरल्या, प्रत्येकीवर डावीकडं कललेल्या आपल्या अक्षरात नाव आणि तारीख घातली, वर पारदर्शक चिकटपट्टी लावली आणि उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये ठेवल्या. तिथं काळ थांबलेला असतो. त्याचा एकच नियम होता आणि तो त्यानं फ्रीजरच्या दारावर खडूनं लिहून ठेवला होता: कालचं आज घालायचं नाही. दर वेळी नवी कुपी काढायची, तिच्यातून सुरुवात करायची, काम झालं की सगळं मारून टाकायचं. “हे तुझ्या अव्वाचं विरजण नव्हे,” तो तिच्या आईच्या दह्यावरून म्हणायचा. कारण हे रसायन करणं हे त्या जिवाणूवर ओझं असतं. हजारातला एखादा ते ओझं टाकून देतो. त्याला काम उरत नाही, म्हणून तो भराभर वाढतो, दुप्पट पोरं घालतो. आज हजारात एक, आठवड्यानं हजारात शंभर, आणि एक दिवस असा येतो की टाकीत नुसते विसरलेलेच उरतात. दिसायला तेच, वाढायला उलट जास्त जोमदार. फक्त ज्याच्यासाठी पाळले ते त्यांना येत नाही.

अकरा वाजता तिनं नमुना यंत्रात घातला. पडद्यावर रेष सरकत निघाली. साडेसात मिनिटांवर एक टेकडी उभी राहायला हवी होती. सुरुवातीच्या काळात ती इतकी उंच असायची की कागदाबाहेर जायची. एकवीसच्या पुरानंतर जरा कमी झाली, मग आणखी कमी, आणि दर वेळी विद्याश्रीला काहीतरी कारण सापडायचं. यंदाची मळीच पातळ आहे. लाइटीचा दाब कमी होता. पंप जुना झालाय. आज साडेसात मिनिटं आली आणि गेली, आणि रेष सपाटच राहिली. ती त्या सपाट रेषेकडं बघत होती आणि तिला दुसरंच काहीतरी आठवेना झालं होतं. सौमित्र हसताना कुठल्या बाजूचा दात दिसायचा? एक दात दुसऱ्यावर चढलेला होता हे पक्कं, पण डावा की उजवा? तिनं मनातल्या मनात त्याला टाकीवर वाकवलं, हसवलं, पुन्हा हसवलं. तोंडाच्या जागी नुसता उजेड होता. मग तिच्या लक्षात आलं, गेल्या कित्येक आठवड्यांत तिला त्याची आठवणच आलेली नाही. ती जेवत होती, झोपत होती, चुलतबहिणीच्या लग्नात नाचलीसुद्धा. वजन दोन किलो वाढलं होतं. सगळे म्हणत होते, विद्याश्री आता सावरली. कशी सावरली ते तिला पडद्यावर दिसत होतं.

विजयसिंह दुपारी आले. फाउंड्रीवाला माणूस, मनगटं खोऱ्याच्या दांड्यासारखी. सौमित्रच्या शब्दावर त्यांनी आपली जुनी शेड रिकामी करून दिली होती आणि तो गेल्यावरही ती परत मागितली नव्हती. इचलकरंजीचे सूतवाले पुढच्या महिन्यात पहिला माल न्यायला येणार होते. त्यांनी तो कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला.

“हितं डोंगर असतोय न्हवं?”

“हो.”

“मग गेला कुटं?”

“सौ-सतरा विसरला, सरकार. काम विसरला.”

“आस्सं व्हय. मग मूळचं काढा की, मॅडम. सौमित्ररावांच्या हातचं. फ्रीजरात हाय न्हवं? त्यासाठीच तर ठेवलंय ते थंडगार मसनात.” त्यांनी जाऊन स्वतःच फ्रीजरचं दार उघडलं, वाफ अंगावर घेत वाकून बघितलं. “हे काय, ही ओळच्या ओळ हाय की. त्येंचंच अक्षर. देवमाणूस. एवढं करून ठेवलंय पोरानं.”

तिनं त्या ओळीकडं बघायचं टाळलं. कारण ते अक्षर तिचं होतं.

हे कुणालाच माहीत नव्हतं आणि तिनं ते स्वतःपासूनही बऱ्यापैकी लपवून ठेवलं होतं. सौमित्र त्या एकवीसच्या साथीत, अकरा मे रोजी गेला. दवाखान्यात आठ दिवस, मग फोनवर एक वाक्य, आणि पंचगंगेच्या घाटावर प्लास्टिकात गुंडाळलेलं काहीतरी, तेही कुणीतरी लांबून काढलेल्या फोटोत. तीही तापातच होती, गेली नाही. जुलैत पूर आला. हायवेवर पाणी चढायला लागलं तेव्हा ती शेडमध्ये होती. विजयसिंहांचा माणूस ‘निघा, निघा’ ओरडत होता, आणि तिनं शेकरच्या हलत्या फळीवर गरगरणारा, सौ-सतरा वाढत असलेला एक काचेचा चंबू उचलला, भाकरीच्या फडक्यात गुंडाळला आणि राजारामपुरीतल्या खोलीवर घेऊन आली. फ्रीजर उचलता येत नाही. नाल्याकडची शेड कमरेपर्यंत बुडाली. लाइट गेली, फ्रीजर पाण्यावर तरंगला, आडवा झाला, दार उघडलं. दहा दिवसांनी ती परत गेली तेव्हा कुप्या चिखलात होत्या. काही फुटलेल्या, काहींत गढूळ पाणी, आणि ज्यांची झाकणं शाबूत त्या उन्हात उकडलेल्या. तिनं एकूण एक लावून बघितली. एकही उगवली नाही. उरला तो खोलीवरचा चंबू. आणि तो तिनं त्या दहा दिवसांत कसा जगवला होता? रोज संध्याकाळी भाताच्या पेजेसारखं पथ्याचं पाणी उकळून गार करायचं, त्यात साखर, मीठ, त्यांच्या खाद्याची जवळ होती तेवढी पावडर, आणि कालच्यातलं चमचाभर आजच्यात. कालचं आजच्यात. दारावर खडूनं लिहिलेलं पुरात धुऊन गेलं होतं, पण तिला तोंडपाठ होतं. तरीही हात तेच करत राहिले. कारण ते हात अव्वाचे होते.

अव्वा, म्हणजे तिची आई चन्नम्मा, हुक्केरीच्या माहेराहून लग्नात येताना एका मातीच्या बोळक्यात हेप्पु घेऊन आली होती. हेप्पु म्हणजे विरजण. चाळीस वर्षं तिनं ते मरू दिलं नाही. कुठं गावाला जायचं झालं तर शेजारणीकडं ठेवून जायची, जणू तान्हं पोर ठेवावं तशी सतरा सूचना देऊन. अर्ध्या गल्लीचं दही त्या बोळक्यातून आलेलं. अव्वा गेली त्या दिवशी घरात शंभर माणसं होती. तिला स्नान घातलं, विभूती लावली, गळ्यातलं लिंग हातात दिलं, बसवून नेलं आणि बसवूनच मातीत ठेवलं, आणि त्या सगळ्या गडबडीत दूध कुणी विरजलंच नाही. तिसऱ्या दिवशी विद्याश्रीनं बोळकं उघडलं तर आत हिरवी बुरशी. अव्वासाठी रडली नाही एवढी ती त्या बोळक्यासाठी रडली. म्हणून पुरात, अंधाऱ्या खोलीत चंबू मांडीत घेऊन बसताना तिला एवढंच समजत होतं, की हे तुटू द्यायचं नाही. यातलं काम चालू आहे की नाही ते वासावरून कळलं असतं. पण तिला वास येत नव्हता. ती रोज चंबू नाकाशी न्यायची आणि नुसता गार काचेचा स्पर्श लागायचा.

शेड सुरू झाली तेव्हा तिनं त्या चंबूतून नव्या कुप्या भरल्या. इथपर्यंत ठीक होतं. मग कुपीवर लिहायची वेळ आली. नाव: सौ-सतरा. तारीख. तिथं खरी तारीख घालायची, आणि खाली: पुरानंतर, अकराव्या हातचं. तिचं पेन टेकलं आणि आपोआप डावीकडं कललं. तिनं त्याची जुनी तारीख घातली. त्याचा ‘स’ जसा पोटात दुमडायचा तसा दुमडला. वर चिकटपट्टी लावली. वीस कुप्या संपेपर्यंत अक्षर इतकं जमलं की शेवटची बघून तिला हुंदका आला, जणू तोच आता लिहून बाहेर चहाला गेलाय. कुणाला फसवायचं नव्हतं. फक्त तो अजून फ्रीजरमध्ये आहे, असं असायला हवं होतं. पुढं त्या कुप्या संपल्या की ती चालू टाकीतूनच नव्या भरायची, पुन्हा तीच तारीख, पुन्हा तेच अक्षर. चार वर्षं कालचं आजच्यात जात राहिलं. विजयसिंहांनी फ्रीजरचं दार लावलं आणि हात चोळत म्हणाले, “तेवढं सोमवारी काढा म्हंजे झालं.” ती ‘हो’ म्हणाली.

पण एक कुपी होती. हे तिला त्या संध्याकाळी बसमध्ये आठवलं असं म्हणणं खोटं होईल. तिला ते नेहमीच माहीत होतं. ज्या दिवशी सतरावा जमला त्या दिवशी सौमित्रनं त्यातला एक थेंब सुईनं टोचून एका काळ्या झाकणाच्या बाटलीत घातला होता, खळीसारख्या घट्ट खाद्यात, आणि ती खिशात टाकून घरी नेली होती. “हे नियमात बसत नाही, कुणाला सांगू नको. फ्रीजच्या दारात ठेवणार, मोहरीच्या बाटलीमागं. अक्काला नेतोय नातू दाखवायला.” तशा बाटलीत, थंडीत, झाकण घट्ट असेल तर ते वर्षानुवर्षं तग धरतात, न वाढता, न विसरता. चार वर्षं ती बाटली शाहूपुरीत होती आणि चार वर्षं विद्याश्री त्या जिन्याकडं फिरकली नव्हती. कारण अक्का, त्याची आई. सौमित्र रविवारीही शेडवर निघाला की ताटावरून उठताना म्हणायचा, “माझी पोरं उपाशी असतील.” तो गेल्यापासून दर महिन्याच्या अकरा तारखेला अक्कांचा फोन यायचा. इकडचं तिकडचं काही नाही. “पोरं बरी आहेत ना गं?” आणि विद्याश्री म्हणायची, “बरी आहेत, अक्का.” मग अक्का म्हणायच्या, “बरं. जेवत जा वेळेवर.” पन्नासेक फोन झाले असतील. एवढ्या एका वाक्यावर ती बाई महिना काढते, हे आवाजावरून कळायचं.

रविवारी सकाळी ती जिना चढली तेव्हा तिनं ठरवलं होतं, सगळं सांगायचं. पूर सांगायचा, अक्षर सांगायचं, आणि मग बाटली मागायची. बाटलीतले जिवंत निघाले तर पाप फिटेल, पोरं खरोखरची बरी होतील, आणि अकरा तारखेला पहिल्यांदाच खरं बोलता येईल. तिसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. अक्का वाळल्या होत्या, गाल आत गेले होते, पण साडी कडक इस्त्रीची. “विद्याश्री? अगं, ये, ये. किती वर्षांनी! थांब, आधी पाणी पी. लेक म्हणते, ऋता, की मी विसरते हल्ली. परवा गॅस चालू ठेवून बाजारात गेले म्हणे. मला तर काही आठवत नाही. पण तू आठवतेस हो.” त्या हसल्या आणि विद्याश्रीच्या काळजात लख्ख झालं. वरचा एक दात शेजारच्यावर चढलेला. डावा. डावा होता.

“अक्का, सौमित्रनं एक बाटली आणली होती घरी. छोटी. काळं झाकण. फ्रीजच्या दारात.”

“आहे की,” अक्का लगेच म्हणाल्या. “ती बरी विसरेन!”

त्या उठून आत गेल्या. विद्याश्री कान देऊन बसली. फ्रीजचं दार उघडल्याचा आवाज आला नाही. लाकडी कपाटाचा आला. अक्का दोन्ही हातांची ओंजळ करून बाहेर आल्या आणि बाटली तिच्या तळहातावर ठेवली. चिकटपट्टीखाली त्याचं अक्षर होतं, खरं. किती वेगळं! ‘स’ दुमडलेला नव्हताच, नुसता घाईत ओढलेला होता. कललेलंही फारसं नव्हतं. चार वर्षं ती जे अक्षर काढत होती ते कुणाचंच नव्हतं. आणि आत पिवळट खळ नव्हती. आत राखाडी पूड होती, बोटभर, तिच्यात दोनतीन पांढरे कण.

“त्याची रक्षा ऋताच्या नवऱ्यानं आणून दिली घाटावरून,” अक्का म्हणाल्या. “नदीत सोडायची म्हणून सगळी गेली. मला सगळी सोडवेना गं. एवढीशी ठेवली मागं, कुणाला न सांगता. म्हटलं कशात ठेवावी? डबी नको, पुडी नको. तेवढ्यात फ्रीजमध्ये ही दिसली, त्याच्या हातचं नाव घातलेली. आत काहीतरी जेलीसारखं आटलेलं होतं, मेलं. बुरशीबिरशी लागेल म्हणून उकळत्या पाण्यात सोडा घालून तीनदा धुतली. चांगली उन्हात वाळवली. चिठ्ठी मात्र ओली होऊ दिली नाही हां.” त्या थांबल्या. विद्याश्रीच्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग आवाज एकदम बारीक झाला. “का गं? काही होतं का त्यात? कामाचं?”

खिडकीतून खालच्या बोळातली कुकरची शिट्टी ऐकू आली. विद्याश्रीच्या हातात ती बाटली होती, हलकी, कोमट. मे महिन्याच्या त्या आठवड्यात या स्वयंपाकघरात सोड्याच्या पाण्याला उकळी आली होती, आणि एक आई आपल्या पोराची पोरं घासून, खळबळून, मोरीत ओतत होती. शेवटची. तिला ते माहीत नव्हतं. आणि आता हे तिला कळलं तर ती या खोलीत एकटी, गॅस विसरत, हे मात्र कधीच विसरणार नाही.

“नाही, अक्का,” विद्याश्री म्हणाली. “रिकामीच होती. नुसती खळ असते ती. मला फक्त त्याचं अक्षर बघायचं होतं.”

अक्कांनी श्वास सोडला. बाटली परत घेतली, पदरानं पुसली. “मग ठीक. मी घाबरलेच. आणि पोरं? बरी आहेत ना?”

आता खोटं बोलणं सोपं होतं, आणि एकदा बोललेलंच होतं. पण तिला वाटलं, एका बसण्यात दोन खोटी नकोत. एक पुरे. जे अक्कांचं होतं ते तिनं गिळलं, जे स्वतःचं होतं ते बाहेर काढलं. “नाहीत, अक्का. गेली ती. पुरातच गेली, चार वर्षं झाली. माझ्या हातून गेली. मी उरलेलं काहीतरी जगवत राहिले, पण ते त्याचं नव्हतं. तुम्हाला फोनवर खोटं सांगत आले दर वेळी.” ती रडत होती आणि रडताना तिला बरं वाटत होतं, याचीच तिला लाज वाटत होती. अक्कांनी बाटली मांडीवर ठेवली होती आणि तिच्या झाकणावरून बोट फिरवत होत्या. मग म्हणाल्या, “तुझ्या हातून कशी जातील? पुरानं गेली.” आणि थोड्या वेळानं, “दहीभात कालवते. खाऊन जा.”

सोमवारी तिनं विजयसिंहांना फ्रीजरसमोर उभं केलं आणि सगळं सांगितलं, अक्षरासकट. बाटलीचं तेवढं सांगितलं नाही. ते कुणालाच सांगायचं नव्हतं. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, एका कुपीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं.

“चार वर्सं आनि तुमी गप्प? काय बाई हायसा का कोन हायसा!” ते शेडभर एक चक्कर मारून आले. राग होताच, पण तो कुठं ठेवावा ते त्यांना समजत नव्हतं. “बरं. आता नव्यानं बनीवता येतंय का न्हाय, तेवढं सांगा.”

“येईल. त्याच्या वह्या आहेत. दोन वर्षं लागतील. पण तो सौ-सतरा नसेल. त्यानं हातानं वेचलेला होता तो. तसाच परत नाही येणार.”

“मग नाव दुसरं ठेवा की. हाय काय अन् न्हाय काय.” शटरपाशी जाऊन ते वळले. “सूतवाल्यांस्नी मी बघतो.”

त्या आठवड्यात तिनं जुन्या टाक्या उकळून मारल्या. कुप्यांची ओळ कुकरमध्ये गेली. तानाबाईंनी विचारलं, “समदंच फेकताय व्हय, ताई? थोडं इरजनाला तरी ठेवा.” ती म्हणाली, “नको, मावशी. कालचं नाही घ्यायचं.” वह्या उघडल्या. पहिल्या पानापासून सुरुवात केली. नव्या कुपीवर स्वतःच्या सरळ, शाळकरी अक्षरात लिहिलं: विद्या-एक, आणि त्या दिवशीची खरी तारीख. वास यायला अजून फार अवकाश होता. शेड मळीच्या गोड वासानं भरलेली असायची आणि येणारा जाणारा प्रत्येकजण म्हणायचा, आता बरं वाटतंय हो इथं.

अकरा तारखेला दुपारी फोन वाजला. पडद्यावर नाव होतं अक्का. तिनं हात पुसले, उचलला. पलीकडून तोच आवाज, तीच घाई नसलेली चाल, मागं तेच घड्याळ.

“पोरं बरी आहेत ना गं?”

विद्याश्री उभीच राहिली. तीन आठवड्यांपूर्वी समोर बसून सांगितलेलं त्या विसरल्या होत्या, किंवा विसरल्या नव्हत्या आणि तरीही विचारत होत्या, कारण त्यांना ते वाक्य हवं होतं. कुठलं खरं ते तिला आवाजावरून ओळखता येईना. तिनं चार वर्षं हे वाक्य न अडखळता म्हटलं होतं. समोर स्टँडवर विद्या-एकची कुपी होती, आणि आतल्या जिवाणूंना अजून काहीही येत नव्हतं.

“बरी आहेत, अक्का,” ती म्हणाली.

“बरं,” अक्का म्हणाल्या. “जेवत जा वेळेवर.”